घड्याळाच्या हाताला

१

मला डावं-उजवं कळत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते. औषधांच्या मात्रा मला झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही. पण ओळखीच्या चौकात उभं करून ‘तुझं घर कुठे?’ विचारलंत, तर माझं बोट पूर्ण आत्मविश्वासाने भलतीकडे जाईल. म्हणून दादा मला भिंगरी म्हणतो.

आणि या भिंगरीने नोकरी धरली ती घरोघरी फिरायची. आमची संस्था छोटी आहे. एक डॉक्टरबाई, दोन परिचारिका आणि एक म्हातारी गाडी. जे रुग्ण अंथरुणावरून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी आम्ही जातो. जखमा धुतो, पट्ट्या बदलतो, वेदनेची इंजेक्शनं देतो. मोठ्या रुग्णालयातली नोकरी सोडून मी इथे आले तेव्हा आईने दोन दिवस अबोला धरला होता. पण माणसाला शेवटचे महिने स्वतःच्या उशीवर काढता आले पाहिजेत, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. अडचण एकच होती. त्या उशीपर्यंत मी पोहोचायची कशी?

गाडीच्या काचेला एक जुनं जीपीएस चिकटवलेलं होतं. त्यातली बाई ‘डावीकडे वळा’ म्हणायची, मी डावं कुठलं याचा विचार करेपर्यंत वळण मागे जायचं. पहिल्याच आठवड्यात तीन रुग्णांकडे मी दीड-दीड तास उशिरा पोहोचले. दादाने ते यंत्र घरी आणायला सांगितलं.

दादा अग्निशमन केंद्रात बंब चालवतो. या शहरातला बोळन् बोळ त्याला पाठ आहे. त्याने यंत्राची सेटिंग उघडून पाहिली, तर त्यात स्वतःचा आवाज भरायची सोय होती. एकूण चाळीस वाक्यं.

“तुझं घड्याळ कुठल्या हातात असतं?” त्याने विचारलं.

“या.”

“आणि जेवतेस कुठल्या हाताने?”

“या.”

मी दुसरा हात पुढे केला.

“झालं तर. डावं-उजवं गेलं खड्ड्यात.” आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने बोलायला सुरुवात केली. “पुढच्या चौकात घड्याळाच्या हाताला वळ. शंभर मीटरवर जेवायच्या हाताला.”

आई भांडी पुसता पुसता हसली. “अरे, तुझं स्वतःचं घड्याळ तर जेवायच्याच हातात आहे!”

ते खरं होतं. चार वर्षांपूर्वी एका आगीत तापलेल्या दाराची कडी दादाच्या दुसऱ्या मनगटाला चिकटली होती. तिथली कातडी अजून चुरगळलेली आहे, पट्टा टोचतो.

“म्हणून तर मी सांगणार आणि ती चालणार,” दादा म्हणाला. “उलटं झालं तर मी दिवसभर गोल गोल फिरेन.”

चाळिसावं वाक्य पोहोचल्याचं होतं. ते त्याने असं भरलं : “पोहोचलीस. गाडी बंद कर, दिवे बंद कर, आत जा.”

प्रत्येक वाक्याच्या मागे आमच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक भरली गेली होती. ते घड्याळ लंगडं आहे. तीन ठोके नीट पडतात, चौथा अडखळतो. टिक, टिक, टिक... टक. आई म्हणाली, पुन्हा भर, तो आवाज येतोय. मी म्हटलं, राहू दे. घर सोबत असल्यासारखं वाटतं.

२

तीन महिने माझ्याइतकी वेळेवर पोहोचणारी परिचारिका कुठे नव्हती. डॉक्टरबाई म्हणायच्या, “तुझ्या भावाला पगार द्यायला हवा.”

सकाळचा पहिला रुग्ण म्हणजे शिंपीकाका. चाळीस वर्षं मशीन चालवली, आता पाठीच्या कण्यातल्या गाठीने त्यांना आडवं केलं होतं. मुलगी कामावर गेली की ते एकटेच. मी नऊला पोहोचायचे, नऊपासूनच त्यांची वेदना वर चढायला लागायची. दारातून शिरताच ते माझ्या बाहीकडे पाहून म्हणायचे, “हा हात कुणी बसवलाय? ओढ पडतेय खांद्यात. मी उठलो की करून देतो.” दोघांनाही माहीत होतं की ते उठणार नाहीत. मी रोज म्हणायचे, “मापं घेऊन ठेवा काका.”

त्यांच्याकडे जातानाच एका मंगळवारी ते झालं. लख्ख ऊन होतं, काच वर होती, रस्ता मोकळा. यंत्रातून दादा म्हणाला, “दोनशे मीटरवर जेवायच्या हाताला वळ.”

मी वळले. आणि वळल्यावर लक्षात आलं, की काहीतरी राहिलंय. घरातून निघाल्यावर गॅस बंद केला की नाही असं वाटतं, तसं. पुढच्या वाक्याला मी आवाज वाढवला.

“सरळ जा.”

शब्द तेच. आवाज तोच. मागे टिकटिक नव्हती.

टिकटिकीच्या जागी शांतताही नव्हती. एखाद्या रिकाम्या, उंच छताच्या खोलीत माणूस बोलला की शब्दाच्या शेपटाला जो पोकळपणा येतो, तो होता. दादा स्वयंपाकघरातून उठून दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत गेला होता आणि तिथून मला रस्ता सांगत होता.

३

मी काही भाबडी नाही. यंत्र जुनं, स्पीकर फाटका, उन्हाने तापलेला. बारीक आवाज आधी मरतात, जाड राहतात. टिकटिक बारीक, ती मेली. संध्याकाळपर्यंत हे स्पष्टीकरण मला पुरलं.

घरी दादा अंघोळीला निघाला होता. खांद्यावर टॉवेल टाकून तो बैठकीतून गेला, आणि बाल्कनीचं दार उघडून उभा राहिला. कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघत.

“काय रे, उघड्यावर करतोस का अंघोळ?” आई म्हणाली.

तो दचकला. हसला. “झोप झाली नाही गं.” आणि वळून न्हाणीघराकडे गेला. पण जाताना त्याने भिंतीला हात लावला होता. बोटांची टोकं फक्त, भिंतीवरून सरकत सरकत. या घरात दादा एकतीस वर्षं राहतोय.

रात्री जेवताना मी त्याला टिकटिकीचं सांगितलं.

“मग घड्याळ दुरुस्त झालं म्हण की,” तो म्हणाला.

“चेष्टा नको. तू पुन्हा भरलास का आवाज?”

“मला काय उद्योग नाहीत?” त्याने वाटी पुढे केली, आणि मग जरा थांबून, अगदी सहज विचारलं, “भिंगरे, आपल्याकडे अशी मोठी खोली कुठली गं? जिथे आवाज घुमतो?”

“का?”

“काही नाही. स्वप्नात येते.”

४

पुढच्या आठवड्यात यंत्र वेगळं बोलायला लागलं.

आधी छोटं. “सरळ जा” च्या पुढे “बहुतेक”. मग एका चौकात, “थांब. इथे एक दुकान होतं ना?” त्या चौकात दुकान होतंच, माझ्या समोर होतं, औषधांचं, बाहेर तराजू ठेवलेला. मागची गाडी हॉर्न मारत होती. मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि यंत्रातून पावलं ऐकू येत होती. दादाची पावलं. त्याच्या एका बुटाची टाच घासलेली आहे, ती फरशीवर किंचित ओढल्यासारखी वाजते. ती आता फरशीवर वाजत नव्हती. बाहेर कुठेतरी, मोकळ्या रस्त्यावर वाजत होती.

दुपारी मी यंत्र घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. मेकॅनिकने ते कॉम्प्युटरला जोडलं, चहा संपवला, आणि म्हणाला, “ताई, चाळीस फाइली आहेत. चाळीसच. जास्तीचं काही नाही.”

“मग जास्तीची वाक्यं कशी येतात?”

“ऐका तर.”

त्याने एकेक फाइल वाजवली. सगळी दादाची मूळ वाक्यं, मागे लंगडं घड्याळ. टिक, टिक, टिक... टक. मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

“ऊन लागलंय तुम्हाला,” तो म्हणाला. मग स्क्रीनकडे पाहून कपाळाला आठ्या घालत, “फक्त हे बघा. या भरल्या कधी?”

“तीन महिने झाले.”

“तारीख आजची दाखवतंय. सगळ्यांवर.” त्याने खांदे उडवले. “घड्याळ बिघडलं असेल आतलं.”

५

त्याच आठवड्यात शुक्रवारी, भर दुपारी, कागदाच्या एका गोदामाला आग लागली. गोदाम अग्निशमन केंद्रापासून दोन गल्ल्या पलीकडे. केंद्राच्या गच्चीवरून धूर दिसत होता. दादा बंब घेऊन फाटकातून बाहेर पडला आणि उलट्या दिशेला गेला.

शेजारी बसलेल्या त्याच्या मित्राला आधी वाटलं की दादाला जवळचा रस्ता माहीत असेल. दादाला नेहमी माहीत असतो. चार चौक गेल्यावर त्याने विचारलं, “कुठे चाललोय आपण?” दादा म्हणाला, “तेच बघतोय.” घंटा वाजत होती, लोक रस्ता देत होते, आणि बंब शहरभर फिरत होता. दुसऱ्या केंद्राचा बंब आधी पोहोचला. गोदामाचा पहारेकरी वाचला, पण त्याचे दोन्ही तळहात भाजले.

साहेबांनी दादाला रजेवर पाठवलं. रात्रीपर्यंत तपासण्या झाल्या. डोक्याचे फोटो काढले, रक्त झालं, डोळे झाले. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, विश्रांती घ्या.

“त्या पहारेकऱ्याचे हात बघितलेस तू?” दादाने मला विचारलं. तो पलंगाच्या कडेला बसला होता, बूट घालून. कुठे जायचं नव्हतं तरी बूट घातलेले. “मला रस्ते दिसत होते गं. सगळे दिसत होते. पण मी त्यांच्यावर नव्हतोच. मी दुसरीकडेच कुठेतरी चालत होतो.”

मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. घासलेल्या टाचेला ताजी धूळ होती. पांढरी, पिठासारखी. आमच्या शहरात माती तांबडी आहे.

६

दोन आणि दोन मला मांडता येत होते. बेरीज करायची नव्हती. शिकलेली मुलगी मी, काय म्हणून करायची? तरी शनिवारी मी यंत्राची वायर काढली आणि ते खणात टाकलं. फोनमधला नकाशा लावून निघाले.

फोनमधली बाई म्हणाली, डावीकडे वळा. पुन्हा तेच.

शनिवारी मी पन्नास मिनिटं उशिरा पोहोचले, रविवारी सव्वा तास. सोमवारी एका पुलाखालून तीनदा गेले आणि शिंपीकाकांकडे पोहोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. दार ढकललं तर आतून आवाज येत होता. माणसाचा आहे हे कळायला मला क्षण लागला. काकांनी उशीची खोळ दातांत धरली होती. ती फाटली होती. इंजेक्शन दिल्यावर वीस मिनिटांनी त्यांचे डोळे माझ्यावर स्थिरावले.

“रस्ता चुकलीस का पोरी?” त्यांनी विचारलं. रागावून नाही. तेच सहन झालं नाही मला.

त्या वीस मिनिटांत मी स्वतःशी भांडले. खणातल्या एका खोक्याच्या भीतीने मी एका माणसाला अडीच तास कण्हत ठेवलं होतं. भावाला ताण आहे, यंत्राचा स्पीकर खराब आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि घरात दादा बरा होता हो. ते तीन दिवस तो बराच बरा होता. रविवारी तर एकटा कोपऱ्यावर जाऊन वर्तमानपत्र घेऊन आला, आणि आईने त्याच्यामागे दार लावलं नाही, उघडंच ठेवलं, तो परत येईपर्यंत.

हे मला माहीत होतं. तरी मंगळवारी सकाळी मी खण उघडला. फक्त आजच्या दिवस, असं म्हटलं. शिंपीकाकांकडे मी नऊला पाच कमी असताना पोहोचले.

पूर्ण रस्ताभर दादा बरोबर बोलला. एकही शब्द जास्तीचा नाही. फक्त प्रत्येक वाक्याआधी दम लागल्यासारखा श्वास, आणि मागे वारा.

७

दुपारी आईचा फोन आला. “घरी ये. लगेच ये.”

दादा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. त्याच खुर्चीवर, जिथे बसून त्याने आवाज भरला होता. सकाळपासून बसला होता. आई म्हणाली, खोलीत जाऊन पड म्हटलं तर उठतो, दोन पावलं टाकतो, आणि पुन्हा येऊन बसतो.

“दादा.”

त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, पण जवळजवळच. नजर माझ्या कानाच्या जरा पलीकडे टेकली होती.

“दार कुठे आहे गं?” तो म्हणाला.

दार माझ्या मागे होतं. चार हातांवर. उघडं.

डोक्यावर घड्याळ लंगडत होतं. आईने माझा दंड धरला. तिची बोटं गार होती. “काल परवा बरा होता,” ती म्हणत होती, “काल परवा चांगला बरा होता.”

मी खाली गेले. गाडीच्या मागच्या कप्प्यात चाक काढायचा लोखंडी पाना असतो, तो घेतला. यंत्र काचेवरून ओढून काढलं, मांडीवर ठेवलं आणि पाना उचलला. गाडी बंद होती. किल्ली माझ्या खिशात होती. यंत्राची स्क्रीन उजळली. नकाशा नव्हता. नुसता राखाडी चौकोन आणि मधोमध छोटा पांढरा बाण.

“भिंगरे,” यंत्र म्हणालं, “मी कुठे आहे गं?”

८

पाना मी कधी खाली ठेवला आठवत नाही.

“दादा? तुला ऐकू येतंय?”

“येतंय. लांबून येतंय.” तो धापा टाकत होता. “किती दिवस चालतोय मी. वळणं सांगतोय, सांगतोय, पण माझं मला घर सापडत नाही.”

“काय दिसतंय तुला?”

“केंद्राचं फाटक. लाल. उघडं आहे. आत कुणी नाही.”

केंद्र! केंद्रापासून आमचं घर दीड किलोमीटर. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून त्या रस्त्याने मी शेकडो वेळा आले असेन, आणि एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. पाहायचं कशाला? दादा होता ना. मी फोन काढला, नकाशा उघडला, केंद्र ते घर. निळी रेघ आली. रेघ स्पष्ट होती. तीन वळणं. फक्त तीन.

“फाटकाकडे पाठ करून उभा राहा. केलीस? आता सरळ चाल.”

पावलं सुरू झाली. घासलेली टाच. मी खिडकीतून वर पाहिलं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आईचा हात दादाच्या खांद्यावर दिसत होता.

“शाळेची भिंत येईल.”

“आली. घंटा आहे, पोरं नाहीत.”

“ती संपली की जेवायच्या हाताला.”

“जेवायच्या हाताला,” तो म्हणाला, आणि हसल्यासारखा आवाज आला. “शिकलीस की.”

पावलं वळली. वारा कमी झाला. मी फोनवरची रेघ बोटाने धरून ठेवली होती, सुटली तर तोही सुटेल अशी.

“पाण्याची टाकी दिसतेय?”

“दिसतेय. ठिबकतेय अजून. या लोकांनी दुरुस्त नाहीच केली.”

मला रडू फुटलं. हा दादाच होता. “टाकीला वळसा घालू नकोस, अलीकडूनच पुन्हा जेवायच्या हाताला. मग सरळ. आता थोडंच राहिलंय.”

वर आईने हाक मारली, “अगं, हा हसतोय! ये बघ, हसतोय!” मी हात हलवला, थांब म्हणून. पेट्रोलपंप आला. बंद कारंजं आलं. त्याची पावलं आता भरभर पडत होती, घर जवळ आल्यावर माणसाची पडतात तशी. एकच वळण उरलं होतं. आमची गल्ली. रेघ तिथे त्या बाजूला जात होती, जिथे माझ्या हातात घड्याळ होतं. मी मनगटाकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. पुन्हा मनगटाकडे पाहिलं. यावेळी चुकायचं नव्हतं.

“दादा, विजेच्या डब्यापाशी घड्याळाच्या हाताला वळ. झालं. आलंच घर.”

“घड्याळाच्या हाताला,” तो म्हणाला. पावलं वळली.

मग त्या पोकळपणावर भिंतींचा आडोसा आला. जिन्याच्या पायऱ्या वाजल्या. मी मोजल्या : बारा. आमच्याही बाराच आहेत. दादा मोठा श्वास घेऊन म्हणाला, “घड्याळ ऐकू येतंय, भिंगरे. पोहोचलो बहुतेक.”

मलाही ऐकू आलं. मी यंत्र कानाला लावलं. टिक, टिक, टिक, टिक. टिक, टिक, टिक, टिक.

एकही ठोका अडखळत नव्हता.

आणि तेव्हा मला त्याचं मनगट आठवलं. चुरगळलेली कातडी. जेवायच्या हातातलं घड्याळ. टेबलाशी बसून केलेली त्याची ती चेष्टा.

“दादा, थांब! दुसरा हात! मागे फिर, दुसरा—”

दाराची कडी वाजली. आतून कुणीतरी दार उघडलं. आणि यंत्रातून एक मुलगी प्रेमाने, जराशी हसत म्हणाली, “आलास? किती वेळ वाट बघतेय.”

तो आवाज मी ओळखला. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला की जो परका वाटतो, तो.

स्क्रीन विझली. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. स्वयंपाकघरात दादा खुर्चीवर ताठ बसला होता, चेहरा फुललेला. आई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून त्याचे हात चोळत होती. दादा आमच्या दोघींच्या मधून, फ्रिजशेजारच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत होता.

“आलो गं, भिंगरे,” त्याने भिंतीला सांगितलं, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

९

याला आता सात आठवडे झाले. दादा जेवतो, झोपतो, कधी कधी खूप हसतो. कुणाशी तरी गप्पा मारतो, आमच्याशी नाही. भरवायला गेलं तर म्हणतो, “पोट भरलंय, तिने वाढलं.” आई विचारते, कुणी रे? तो माझं नाव सांगतो. आई माझ्याकडे पाहते. मला तिच्या नजरेला नजर देता येत नाही.

डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं नाही. जेवढं सांगितलं त्यावर त्या म्हणाल्या, सुट्टी घे. शिंपीकाकांकडे नऊला कोण जाणार, असं मी विचारलं. रस्ता मी आता कागदावर काढून नेते, एकेक खूण लिहून. उशीर होतो, पण पोहोचते. यंत्र काचेवर आहे. ते रोज चालू करते आणि रोज हाका मारते. इतके दिवस त्यातून नुसती खरखर यायची.

एक बदल मी केला. घड्याळ आता जेवायच्या हातात बांधते, दादासारखं. त्याने पुन्हा कधी रस्ता विचारला तर माझा हात आणि त्याचा हात एकच असावा.

आज सकाळी शिंपीकाका म्हणाले, “घड्याळ भलत्या हातात का गं? बाही अडकते त्याने.” मी म्हटलं, सवय करतेय. परत निघाले, विजेच्या डब्यापाशी आले. ऊन होतं, रस्ता मोकळा. तिथून आमची गल्ली एका बाजूला जाते. दुसऱ्या बाजूला भिंत आहे, नुसती विटांची, तिला लागून कुणीतरी जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत.

यंत्राची खरखर थांबली. मागे घड्याळ होतं. टिक, टिक, टिक, टिक. अगदी सरळ. कुणीतरी ताट ठेवल्याचा आवाज आला, आणि लांबून दादा म्हणाला, “तिलाही बोलव ना. एकटी फिरत असेल.”

“बोलावतेय,” माझा आवाज म्हणाला. मग अगदी जवळून, माझ्यासाठी : “घड्याळाच्या हाताला वळ.”

मी मनगटाकडे पाहिलं. भिंतीत, खुर्च्यांच्या मागे, रस्ता होता. त्यावर पिठासारखी पांढरी धूळ पसरली होती. धुळीत बुटांचे ठसे होते, एक टाच किंचित ओढलेली.

आयुष्यात पहिल्यांदा मला क्षणाचाही विचार न करता कळलं, की कुठे वळायचं. मी इंडिकेटर लावला.